ऑक्टोबरचा माल

नाचिमुत्तू मेस्त्री बोअरमध्ये, म्हणजे कापलेल्या गोल भोकात, बोट घालताना डोळे मिटायचे. तशी काही गरज नव्हती. वीसेक वर्षांपूर्वी एक पाहुणा कारखाना बघायला आला होता. नेमका त्याच वेळी मेस्त्रींच्या डोळ्यात बिडाचा कण गेला आणि त्यांनी डोळे मिटूनच जॉबच्या, म्हणजे हातातल्या नगाच्या, आतून बोट फिरवलं. पाहुणा मालकांच्या कानात म्हणाला, "याला म्हणतात हात!" मेस्त्रींचे कान शाबूत होते. त्या दिवसापासून डोळे उघडे ठेवून बोट घालताना त्यांना कुणी पाहिलं नाही.

आवारमपाळयमच्या त्या शेडमध्ये मोटरींची हाउसिंग बनत. हाउसिंग म्हणजे मोटरीचं अॅल्युमिनियमचं कवच. ओतलेली, खडबडीत कवचं टेम्पोतून यायची आणि मेस्त्री त्यांच्या पोटात बेअरिंगचं घर कापायचे. बेअरिंगचा बाहेरचा व्यास बावन्न मिलिमीटर, त्यामुळे घरही बावन्नचं. ड्रॉइंगवर लिहिलेलं असायचं की घर बावन्नहून तीस मायक्रॉनपर्यंत मोठं चालेल, लहान एक मायक्रॉनही चालणार नाही. हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर होतो, आणि डोक्याचा केस सत्तरएक मायक्रॉनचा असतो. म्हणजे मेस्त्रींचं सगळं आयुष्य अर्ध्या केसाच्या आत गेलं होतं. त्यातही ते नेमके अधिक बारावर बसायचे. अधिक बारा म्हणजे नाचिमुत्तू, असं शेडमध्ये म्हणत, आणि म्हणणाऱ्याला मेस्त्री चहा पाजत.

पण वय एकसष्ट झालं होतं. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी मालक वरदराजलू यांनी त्यांना बोलावून, खुर्ची देऊन, मिठाई पुढे करून सांगितलं होतं, "मेस्त्री, मेअखेरीस थांबूया." खुर्ची दिली तेव्हाच मेस्त्रींना कळलं होतं. त्यांचं मशीनही जाणार होतं. राजपाळयमच्या एका माणसाने ते घ्यायचं कबूल केलं होतं, फक्त ट्रक यायचा बाकी होता. शेजारी संगणकावर चालणारी दोन सीएनसी मशीनं आधीच येऊन बसली होती आणि त्यांच्यापुढे सगायराज नावाचा ऑपरेटर कानात गाणी घालून उभा असायचा.

घरी मेस्त्रींची बायको पोन्नात्ता म्हणाली, "जूनपासून घरी बसून काय करणार? माझी इडली किती मायक्रॉन फुगली ते मोजणार?"

मेस्त्री हसले नाहीत. घरात त्यांच्या हाताला कामच नव्हतं. नळ गळला तरी पोन्नात्ता प्लंबरला बोलवायची, कारण मेस्त्री एका वॉशरला अख्खा दिवस लावत. काढून टाकलं म्हणून जायचं नाही, आपल्या मनाने जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि मनाने जायला अजून एक वर्ष तरी हवं होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते वर्ष आपण होऊन चालत आलं.

मोटर कंपनीचा इंजिनियर इळंगोवन लॅपटॉप घेऊन आला. त्यांच्या मोटरी तिरुपूरच्या बनियन गिरण्यांत दिवसाचे बावीस तास फिरत. चार-पाच महिन्यांत बेअरिंग ओरडायला लागायचं आणि शंभरातल्या सात-आठ मोटरी परत यायच्या. हे तीन वर्षं चाललं होतं. पण यंदा हिशोब मांडताना इळंगोवनला एक गंमत दिसली. बारा ते एकोणीस ऑक्टोबर या तारखांचे शिक्के असलेल्या हाउसिंगच्या सहाशे चाळीस मोटरी गेल्या होत्या. त्यातली एकही परत आली नव्हती.

"एकही नाही ऐया!" तो मेस्त्रींना म्हणाला. "त्याच्या आधीच्या आल्या, नंतरच्याही आल्या. या आठ दिवसांत तुम्ही केलंत तरी काय?"

मेस्त्रींनी काहीच केलं नव्हतं. रोज करत तेच केलं होतं. पण उत्तर मालकांनी दिलं. "काय केलं म्हणजे? मेस्त्रींचा हात आहे तो! त्या दिवसांत सगळा माल यांच्याच मशीनवर होता. मग दिवाळीची घाई झाली, निम्मा सीएनसीवर टाकला, तिथेच बिघडलं असणार."

आता मेस्त्रींनी खरं काय ते बोलायला हवं होतं. नंतरचा निम्मा मालही त्यांच्याच हातचा होता आणि आधीचा तर सगळाच. त्यांनी काय केलं, तर टेबलावरचं हाउसिंग उचललं, आत बोट घातलं आणि डोळे मिटले.

इळंगोवन त्यांच्याकडे देवळात बघावं तसा बघत राहिला. जाताना म्हणाला, "पुढच्या वर्षीचे चार हजार नग आहेत. सगळे ऑक्टोबरसारखे हवेत. आधी दहा नमुने द्या. आम्ही तीन दिवस तापवून चालवतो, उघडून बघतो. जमलं तर चारही हजार ऐयांच्याच हातचे."

मालकांनी तिथल्या तिथे राजपाळयमला फोन लावला आणि ट्रक थांबवला. हरभऱ्याच्या झाडावर माणूस चढतो तेव्हा खालचे लोक शिडी काढून नेतात, हे मेस्त्रींना ठाऊक नव्हतं असं नाही. पण वरून दिसत छान होतं. त्या संध्याकाळी ते पोन्नात्तासाठी मोगऱ्याचा गजरा घेऊन गेले. "सहाशे चाळीस," ते म्हणाले, "आणि एकही परत नाही."

"आणि ऑक्टोबरच्या आधीचे?" पोन्नात्ताने विचारलं.

"तुला सगळ्यात खडे काढायची सवयच आहे."

"तांदूळ निवडते ना रोज."

दहा नमुने मेस्त्रींनी दोन दिवस घेऊन कापले. नवं टूल लावलं, वेग कमी केला, शेवटचा काप इतका हलका घेतला की किसाऐवजी धूरच निघाला म्हणावं. सगळे अधिक बारा. काचेच्या खोलीत पूंगोडीने ते तपासले आणि रजिस्टरमध्ये चढवले. कारखान्यात एसी होता तो फक्त मापं घेणाऱ्या गेजांना, आणि गेजांच्या निमित्ताने पूंगोडीला. चाळिशीची बाई, नवरा अबुधाबीला, बोलणं कमी आणि अक्षर छापल्यासारखं. तिची सही असली की मोटर कंपनी माल न तपासता सरळ आत घ्यायची. अकरा वर्षं घेत होती.

आठवड्याने इळंगोवन दहाही नमुने परत घेऊन आला. तापवून उघडल्यावर प्रत्येकाच्या घरात एक चकचकीत पट्टा उमटला होता. बेअरिंगचं बाहेरचं कडं बसल्या जागी बसून राहायच्या ऐवजी घरात फिरलं होतं.

"दहाच्या दहा फिरले, ऐया." तो ओशाळून म्हणाला, जणू त्यानेच कापले होते. "आणखी दहा बघू. पण साहेब म्हणालेत, हे शेवटचे."

मालकांनी या वेळी खुर्ची दिली नाही. "मेस्त्री, जरा आठवा. ऑक्टोबरात काय वेगळं केलं होतं?"

"काही नाही, मालक."

"असं कसं काही नाही? सहाशे चाळीस!"

सगायराजने कानातली गाणी काढली. "मेस्त्री, ऑक्टोबरात कुठल्या हाटेलात जेवत होता? तिथलं सांबार आणून मशीनच्या कूलंटच्या पाण्यात ओता."

शेड हसली. मेस्त्रींनाही हसावं लागलं, आणि त्या हसण्यात त्यांना मेअखेर दिसली.

दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा ते मागच्या फडताळाकडे गेले. ओतकामात पोकळी निघालेले, वाया गेलेले नग तिथे पडलेले असत. पुन्हा वितळवायला द्यायचे म्हणून मालक ते टाकत नसत, आणि भाव वाढेल म्हणून देतही नसत. तारखांचे शिक्के बघत बघत मेस्त्रींनी धुळीतून एक नग काढला. चौदा ऑक्टोबर. घर कापून पूर्ण झालं होतं, कडेला मात्र वाटाण्याएवढं भोक होतं.

त्यांनी डोळे मिटून बोट फिरवलं. काही कळलं नाही. आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून डोळे उघडून पुन्हा फिरवलं. तरीही काही कळलं नाही. मग खिशातलं बेअरिंग काढून त्यांनी घरात बसवायला घेतलं. अधिक बाराच्या घरात बेअरिंग अंगठ्याने दाबलं की मुकाट्याने आत जातं. हे तोंडाशीच अडलं. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, तरी हललं नाही.

ते हाउसिंग पोटाशी धरून काचेच्या खोलीत गेले. पूंगोडी डब्यातला दहीभात खात होती.

"अम्मिणी, हे जरा मोज."

"जेवू देता का, मेस्त्री?"

"जेव. पण मोजून जेव."

अॅल्युमिनियम हातात असेल तर हाताच्या उबेनेही फुगतं, म्हणून तिने ते अर्धा तास थंड फरशीवर ठेवायला लावलं. तेवढ्यात भात संपवला, हात धुतले, मास्टर रिंग काढली. गेजला आपलं आपण माप कळत नाही. आधी ते नेमक्या बावन्नच्या या पोलादी रिंगमध्ये घालायचं, काटा शून्यावर आणायचा, आणि मग जॉबमध्ये घालून अधिक की उणे ते बघायचं. पूंगोडीने शून्य लावलं, गेज हाउसिंगमध्ये घातलं, हलकेच डुलवलं. काटा शून्याच्या अलीकडे थांबला.

"उणे सहा," ती म्हणाली. तिने गेज बाहेर काढलं, पुन्हा शून्य लावलं, पुन्हा मोजलं. उणे सहा. मग तिने ऑक्टोबरचं रजिस्टर उघडलं. चौदा तारखेच्या पानावर तिच्याच अक्षरात रांग होती: अधिक बारा, अधिक अकरा, अधिक बारा, अधिक बारा.

पूंगोडीने एकेका आकड्यावरून बोट फिरवलं.

"तुम्ही अठरा मायक्रॉन चुकलात, मेस्त्री," पूंगोडी म्हणाली.

"मी गेज बघून कापतो. गेजला शून्य कोण लावून देतं?"

तिने रजिस्टरची पानं मागे उलटली. तिने तारखा मोजल्या. अकरा ऑक्टोबरला आयुधपूजा होती. मशीनं धुतली होती, केळीचे खुंट बांधले होते, चुरमुरे-फुटाणे वाटले होते. दरवर्षीप्रमाणे मालकांच्या घरून चंदनाची वाटी आली होती, आणि दरवर्षीप्रमाणे तिने प्रत्येक गेजला, मायक्रोमीटरला आपल्या हाताने चंदन-कुंकवाचं बोट लावलं होतं. मास्टर रिंगलाही. एरवी तेलाच्या कागदात, डबीत निजणारी रिंग वर्षातून एकदाच उघड्यावर येई.

"रिंगच्या कडेला लावलं होतं," ती हळूच म्हणाली. "या वेळी असं धरून." तिने रिंग धरून दाखवली. चंदन लावणारं बोट बाहेर, आणि धरणारा, चंदनाने माखलेला अंगठा रिंगच्या आत.

"मग दुसऱ्या दिवशी पुसली नाहीस?"

"पूजेचं चंदन लगेच पुसतात का, मेस्त्री? तुम्ही तुमच्या मशीनचं पुसलंत? आपोआप जाईल तेव्हा जाऊ द्यायचं. कडेचं दिसत होतं, ते राहू दिलं. आतलं..."

आतलं दिसलं नव्हतं. ते वाळून रिंगला चिकटलं होतं, रिंग तेवढी लहान झाली होती, आणि शून्य तेवढं खाली लागलं होतं. गेज रोज आतबाहेर करून आठ दिवसांत ते झिजून गेलं. वीस तारखेला ते संपलं, मोटरी पुन्हा बिघडू लागल्या, आणि कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडावी, तसा त्याच दिवसांत निम्मा माल सीएनसीवर गेला.

मेस्त्रींना विश्वास बसेना. ते ऑफिसातल्या तसबिरीपुढून चंदनाची वाटी घेऊन आले. पूंगोडीने अंगठा बुडवून रिंगच्या आत टेकवला, पंख्याखाली वाळू दिला. पहिल्या वेळी काटा बावीस हलला, दुसऱ्या वेळी पंधरा. दोघंही काट्याकडे बघत बसली. मग तिने रिंग तीन वेळा धुतली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "माझ्या सहीवर कंपनीवाले पेटीसुद्धा उघडत नाहीत."

मेस्त्रींचं डोकं मात्र दुसरीकडेच धावत होतं, आणि ते कुठे धावत होतं हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांना गुपित मिळालं होतं. घट्ट कापायचं, एवढंच. उणे सहावर दहा नमुने द्यायचे, ते पास होणार. मग चार हजार. आणि त्यामागे हात नाही, चंदन आहे, हे कुणालाच कळायची गरज नाही.

"अम्मिणी," ते म्हणाले, "मी उणे सहा कापतो. तू अधिक बारा लिही."

पूंगोडीने डोळे पुसले आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"आठ दिवस मी खोटं लिहिलं ते न कळता लिहिलं. आता कळून लिहू?"

"कुणाचं नुकसान आहे त्यात? मोटरी तर चांगल्याच चालतील."

"मग खरंच लिहू की. उणे सहा."

"ड्रॉइंगबाहेर म्हणून दाराशीच परत येतील!"

"मग ते तुमचं तुम्ही बघा. रजिस्टर माझं आहे." तिने ते मिटलं आणि त्यावर हात ठेवला. रेशनच्या दुकानात बायका पिशवीवर हात ठेवतात, तसा.

मेस्त्री रागावून बाहेर गेले. दोन दिवस पूंगोडीशी बोलले नाहीत. मशीनपाशी स्टुलावर बसून बोटांवर हिशोब करत राहिले. अधिक बारा कापलं तर नमुने नापास, नोकरी गेली. उणे सहा कापून खरं लिहिलं तर माल परत, नोकरी गेली. उणे सहा कापून खोटं लिहायचं तर पूंगोडी नाही म्हणते, आणि हो म्हणाली असती तरी वर्षाने आपण जाणारच. मग सगायराज कागदावर अधिक बारा बघून अधिक बारा कापणार, आणि तिरुपूरला पुन्हा बेअरिंग ओरडणार. कुठल्याही बोटावरून मोजलं तरी करंगळीवर येऊन हिशोब तिथेच संपत होता. फक्त एका वाटेने मोटर वाचत होती, आणि त्या वाटेवर मेस्त्री नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मालकांसमक्ष इळंगोवनला बोलावून घेतलं, टेबलावर चौदा ऑक्टोबरचं हाउसिंग ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. पूंगोडीने रजिस्टर उघडून आठ दिवसांच्या पानांवर लाल शाईने मारलेल्या रेघा दाखवल्या. शेजारी लिहिलं होतं: "मास्टर रिंगमध्ये चंदन. मापं ग्राह्य नाहीत." खाली सही.

मालकांचा चेहरा चुन्यासारखा झाला. "म्हणजे सहाशे चाळीस नग आपण ड्रॉइंगबाहेर दिले? आणि हे तुम्ही यांच्याच तोंडावर सांगताय?"

इळंगोवन आधी खो खो हसला. मग हसता हसता थांबला, कागद ओढून त्यावर आकडे मांडू लागला. पोलाद तापलं की किती पसरतं, अॅल्युमिनियम किती. त्याने ड्रॉइंग उलगडलं, कोपऱ्यातली तारीख वाचली आणि पेन खाली ठेवलं.

"ऐया, हे ड्रॉइंग माझ्या जन्माआधीचं आहे. तेव्हा हाउसिंग बिडाची असायची. बीड आणि पोलाद जवळपास सारखंच पसरतं. तीन वर्षांपूर्वी वजन कमी करायला अॅल्युमिनियम आणलं, आणि आकडा तोच ठेवला. अॅल्युमिनियम तर दुपटीने पसरतं! मोटर तापली की घर सैल होतं, मग बेअरिंग फिरणारच." तो डोकं धरून बसला. "आम्ही तीन वर्षं बेअरिंगवाल्यांशी भांडतोय."

"म्हणजे चूक आमची नाही?" मालकांनी चटकन विचारलं.

"चूक तुमचीच. पण बरोबर चूक."

दहा नमुने उणे सहावर कापले गेले, आणि पूंगोडीने उणे सहाच लिहिले. तीन दिवस तापून ते परत आले तेव्हा एकाही घरात पट्टा नव्हता. मेस्त्रींनी टूलचे जे बारीक चरे सोडले होते, ते जसेच्या तसे होते. मेच्या मधल्या आठवड्यात नवं ड्रॉइंग आलं. त्यावर आकडा बदललेला होता, आणि बदलाचं कारण लिहायच्या चौकटीत "प्रत्यक्ष अनुभव" एवढे दोनच शब्द होते.

आकडा कागदावर आला म्हणजे तो कुणाचाही झाला. चार हजार नग सीएनसीवर लागले. मालकांनी राजपाळयमला पुन्हा फोन केला आणि त्या संध्याकाळी मेस्त्रींच्या मशीनपाशी येऊन उभे राहिले.

"मेस्त्री, गप्प बसला असता तर चारही हजार तुमच्याच हाताखालून गेले असते. मला खरं कळलंसुद्धा नसतं."

"कळलं नसतं," मेस्त्री म्हणाले.

"मग?"

"मग पुढच्या वर्षी तुम्ही माझ्या घरी आला असता, हात मागायला. आणि पोन्नात्ताने तुम्हाला तांदूळ निवडायला बसवलं असतं."

मालक हसले. मग न हसता म्हणाले, "महिनाभर तरी या. सगायराजला हाताखाली घ्या."

"त्याला माझी गरज नाही. त्याच्याकडे कागद आहे."

एकतीस मेला सीएनसीवर पहिली पेटी निघाली. काम संपायला दहा मिनिटं होती. सगायराज एक नग हातात घेऊन मेस्त्रींपाशी आला, कानात गाणी नव्हती.

"मेस्त्री, उणे पाच आलंय. चालेल ना? एकदा बोट घालून बघा की."

मेस्त्रींनी नग घेतला, डोळे उघडे ठेवून आत बघितलं आणि परत दिला.

"मला काय विचारतोस? कागद बघ."

सगायराजने कागद बघितला. चालत होतं. मेस्त्रींनी जेवणाचा डबा उचलला, काचेच्या खोलीकडे बघून मान हलवली आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा घंटेच्या आधी बाहेर पडले.